छापखान्याच्या हॉलसाठी एसी, कूलर की ह्युमिडिफायर? नागपुरातल्या आठ महिन्यांच्या नोंदी

आमचा छापखाना महालातल्या जुन्या वाड्यातून हिंगणा रोडकडच्या नव्या हॉलमध्ये आणला. वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट जाड मातीच्या. उन्हाळ्यात दाराला वाळ्याची ताटी लावली की काम चालायचं. नवा हॉल ४० बाय ३६ फूट, उंची १२, वर उघडी गच्ची, पश्चिमेला पूर्ण भिंत. मशीन चार रंगी ऑफसेट. गरम-थंड आणि दमट-कोरडं सांभाळणारी यंत्रं निवडताना जे झालं ते लिहून ठेवत आहे, म्हणजे ज्यांना असाच हॉल बांधायचा आहे त्यांचे पैसे वाचतील. सगळ्या किमती जीएसटी सोडून.

१२ जानेवारी २०२४

सकाळी साडेसातला हॉलमध्ये १४ अंश. शाई डब्यातून निघेना. मशीनमन काकांनी पट्टीने खरवडून घातली, तरी ती इतकी चिकट की आर्ट पेपरवरचा लेप उचलून ब्लँकेटवर, म्हणजे शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर, यायला लागला. साडेदहापर्यंत एकही चांगला ताव निघाला नाही. तीन माणसांचे तीन तास गेले.

१५ जानेवारी

सीताबर्डीहून कॉइलचा हीटर आणला, २,६०० रुपये. ही माझी पहिली चूक, आणि धोक्याची. काकांनी मशीन धुवायचा कॅन उघडला आणि तिथेच थांबले. "ताई, हे इथं नाही चालत. वास सुटला की भडका होईन." खरंच होतं. धुण्याचं केमिकल पेट घेणारं आणि समोर लाल तापलेली तार. हीटर लगेच बंद केला.

तेवढ्या वेळात दुसरी गोष्टही दिसली. हॉल १४ वरून २० अंशांवर गेला आणि आर्द्रता ४४ वरून ३० टक्क्यांवर आली. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण हवा गरम झाली की ती कोरडी पडते. कागदात स्थिर वीज भरली आणि फीडरवर, म्हणजे मशीनला एकेक ताव पुरवणाऱ्या भागावर, दोन-दोन ताव चिकटून जायला लागले. ऑफसेटला साधारण २० ते २५ अंश आणि ५० ते ५५ टक्के आर्द्रता लागते. अंश आणि टक्के हे दोन्ही आकडे एकत्र पाहायचे असतात, हे इथे पहिल्यांदा हातात आलं.

२ फेब्रुवारी

दोन कोटेशनं आली. पहिल्याने मोजपट्टीसुद्धा काढली नाही. "शंभर फुटाला एक टन" म्हणत १४ टन लिहून दिले. दुसऱ्याने १० टनाचं एकच डक्टेबल, म्हणजे पत्र्याच्या नळातून हॉलभर हवा पोचवणारं एसी युनिट, सुचवलं. आर्द्रता किती हवी, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

दोन रात्री बसून हिशोब केला. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. मे महिन्यात बाहेर ४४ आणि आत २६ धरले. तापलेल्या स्लॅबमधून ३ टन. मशीनच्या मोटारी आणि ड्रायर क्लॅम्प मीटरने मोजले तर चालू असताना १२ किलोवॅट घेतात, म्हणजे जवळपास साडेतीन टन. मशीनच्या पाटीवर २० किलोवॅट लिहिलं आहे. तो आकडा धरला असता तर विनाकारण दोन टन वाढले असते. भिंती १ टन, बाहेरून येणारी ताजी हवा १ टनाला थोडी कमी, माणसं आणि दिवे मिळून अर्धा. बेरीज पावणेनऊ.

त्यात नागपूरची एक भर घालावी लागते. एसीच्या पाटीवरची टनांची ताकद बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे दुपारी बाहेर ४४-४५ असतात. तेव्हा तोच एसी कमी काम करतो आणि जास्त वीज खातो. मी १५ टक्के घट धरली. म्हणजे स्लॅब आहे तसा ठेवला तर १० टनांच्या वर लागणार. म्हणून आधी गच्ची पाहायची ठरवली.

३ मार्च

गच्चीवर चुना मारला. साहित्य आणि मजुरी मिळून ३,०००. धूळ नीट न झाडताच मारल्यामुळे आठवड्यात पापुद्रे सुटले. दोष चुन्याचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

१९ मार्च

गच्ची घासून धुतली, भेगा भरल्या आणि पांढरा उष्णता परतवणारा लेप दोन हातांत दिला. २६,००० रुपये. दुपारी चारला स्लॅबच्या आतल्या बाजूला इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. लेपाच्या आधी ४३ अंश होते, नंतर सारखंच ऊन असलेल्या दिवशी ३७. स्लॅबचा भार जवळपास निम्मा झाला असं धरलं, तर गरज ९ टनांत बसते. या कामात सगळ्यात चांगला गेलेला पैसा हाच.

२८ मार्च

बाबांचं म्हणणं, "एवढे एसी कशाला? नागपुरात कूलरनं काम भागतं." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून मोठा डक्ट कूलर महिनाभरासाठी भाड्याने आणला. भाडं ९,०००.

६ एप्रिल

बाहेर ३९, हॉलमध्ये २९, आर्द्रता ६२. माणसांना बरं वाटलं. निवडणुकीची प्रचारपत्रकं चालू होती, एका रंगाची, साध्या, लेप नसलेल्या मॅपलिथो कागदावर. ती सुरळीत निघाली. पण आर्ट पेपरवरचं चार रंगी काम लावलं आणि रंग रंगावर बसेना. डक्टच्या तोंडाजवळ आर्द्रता ७५, पलीकडच्या कोपऱ्यात ५५. थप्पीतल्या तावांच्या कडा हवेतलं पाणी पिऊन लाटेसारख्या झाल्या, मधला भाग तसाच. पहिला रंग बसेपर्यंत ताव एका मापाचा आणि चौथ्याला दुसऱ्या. वरून वाऱ्याने डिलिव्हरीत, म्हणजे छापून बाहेर पडणारे, कागद उडत होते. दोन रीम वाया गेले.

१० एप्रिल

आभाळ आलं. हवा दमट झाल्याबरोबर कूलर नुसता वारा फेकू लागला, हॉल ७८ टक्क्यांवर. कूलर बंद केला. १९ तारखेच्या मतदानाच्या आधीची सगळी पत्रकं पंख्यावर छापली. काकांचा शर्ट दिवसातून दोनदा पिळून निघायचा. ते काही बोलले नाहीत, पण मला पाहवत नव्हतं.

कूलरचं गणित इथे मांडून ठेवते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेली हवा पूर्ण भिजली तर २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगली हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांची) ताटी त्या वाटेचा ८० टक्के भाग गाठते, म्हणजे साधारण २७ अंशांची हवा देते. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के असताना तोच कूलर जेमतेम दोन अंश उतरवतो आणि दमटपणा तेवढा वाढवतो. नागपुरात मार्च ते मृगापर्यंत एक हवामान, पावसाळ्यात दुसरं आणि हिवाळ्यात तिसरं. एकच यंत्र तिन्हींना पुरणार नाही.

२२ एप्रिल

ठरलं. ३ टनांचे तीन कॅसेट (छतात बसणारे) इन्व्हर्टर एसी. त्यातला एक गरम-थंड दोन्ही करणारा, जानेवारीच्या सकाळसाठी. तिन्ही मिळून २,९४,०००, तांब्याची नळी आणि वायरिंगचे ६२,००० वेगळे. वीजभार वाढवण्याचा अर्ज मार्चमध्येच केला होता, म्हणून अडलं नाही. तुम्ही कराल तेव्हा कोटेशनच्या आधी हा अर्ज करा.

एक मोठं डक्टेबल न घेता तीन घेतले, कारण एक बिघडला तरी दोनांवर काम रेटता येतं. दुसरं कारण जुलैत कळलं, ते पुढे.

४ मे

पहिल्याच खऱ्या उन्हात दुपारी तीनला दोन एसी ट्रिप. बाहेरची युनिटं पश्चिमेच्या चार फुटी बोळात लावली होती, कारण नळी कमी लागत होती. युनिटं गरम हवा समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर फेकत होती आणि तीच परत ओढून घेत होती. बोळात थर्मामीटर धरला, ५६ अंश. रस्त्यावर त्याच वेळी ४३. जागा मी पाहून होकार दिला होता, म्हणून चूक माझीही. गड्याने चार दिवस रोज दुपारी बोळात पाणी मारलं, तेवढ्यावर निभावलं.

९ मे

तिन्ही युनिटं गच्चीवर उत्तरेच्या कठड्याशी, मागून दीड फूट मोकळं आणि पुढून पूर्ण मोकळं. जास्तीची नळी, गॅस, क्रेन मिळून १८,५०० आणि दीड दिवस. त्यानंतर आजपर्यंत ट्रिप नाही. वर हिरवी जाळी बांधा असं एकाने सुचवलं. बांधली, पण चार फूट उंच, गरम हवा अडू नये म्हणून.

१३ मे

आता थंडावा आहे, २४ अंश. पण आर्द्रता ३४. बाहेरची हवा मुळात कोरडी आणि आत पाणी घालणारं काहीच नाही. शाळेच्या वह्यांच्या कव्हरचं काम आलं होतं. फीडर दर दहा मिनिटांनी अडायचा. तावाच्या कडा सुकून आकसल्या आणि पोट फुगलं. एप्रिलच्या अगदी उलट.

१६ मे

अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर आणला, म्हणजे कंपनांनी पाण्याचा गार तुषार करून हवा दमट करणारं यंत्र, तासाला ६ लिटरचं. ४८,००० रुपये. वाफ करणाऱ्या विजेच्या ह्युमिडिफायरचा विचार आधीच सोडला होता. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिट वीज लागते आणि त्याने हवा थंडही होत नाही. उलट गार तुषार हवेत मुरतो तेव्हा तो हवेतलीच उष्णता घेतो.

१८ मे

इथे मी सगळ्यात जास्त अडखळले, म्हणून सविस्तर लिहिते.

ह्युमिडिफायर दिवसभर पूर्ण चालवला, तरी आर्द्रता ४२ च्या वर जाईना. दुपारी काकांनी गच्चीकडे बोट दाखवलं. "ताई, पाइपातून पाणी वाहून राह्यलं. आधी तर थेंब नव्हता." ड्रेनखाली बादली ठेवली. तासात ह्युमिडिफायरने ६ लिटर पाणी हवेत घातलं आणि त्यातलं जवळपास ४ लिटर एसीच्या कॉइलने हवेतून पुन्हा थेंब करून बादलीत आणून टाकलं. दोन यंत्रं एकमेकांचं काम पुसत होती आणि दोन्हींचं बिल आम्ही भरत होतो.

कारण असं की, एसी २२ वर लावलेला होता. कॉइल इतकी थंड की तिला लागलेली हवा दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात त्या तापमानाच्या, खाली जायची. सेटिंग २६ केलं, पंखा सगळ्यात जोरात ठेवला. कॉइल कमी थंड, हवा जास्त. ड्रेनचं पाणी तासाला दीड-दोन लिटरांवर आलं आणि आर्द्रता ४८. हॉल २६ अंशांवर. माणसं कुरकुरली नाहीत, उलट कोरड्या घशाची तक्रार गेली. एसी नुसता थंड करतो असं मी इतकी वर्षं समजत होते. तो हवा वाळवतोही, हे बादली भरल्यावर पटलं.

२१ मे

नवीच अडचण. मशीनवर, शाईच्या रोलरवर, थप्पीवर पांढरी भुकटी. अल्ट्रासॉनिक यंत्र पाण्याबरोबर त्यातले क्षारही हवेत उडवतं. आम्ही बोअरचं पाणी देत होतो, मीटरवर क्षार ८०० पीपीएम. बोटाने पुसलं तर खडूसारखं. गडद निळ्या कव्हरवर ठिपके आले, ४०० ताव पुन्हा छापले. आरओ बसवला, १३,५००. भुकटी थांबली, पण आरओ जितकं पाणी देतो त्याहून जास्त फेकतो. मे महिन्यात नागपुरात पाणी असं वाहून जाताना मला झोप लागेना. ते पाणी फरशी धुवायला साठवायला लागलो.

२६ मे, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू

बाबा जेवताना म्हणाले, "तुला हवेत पाणीच घालायचं आहे ना? मग कूलर वेगळं काय करतो?"

मी एप्रिलमध्ये कूलरला थंड करायला लावलं होतं, म्हणून तो फसला. त्याला फक्त ताजी हवा ओली करून आत सोडायचं काम दिलं तर? हिशोब केला. मिनिटाला फक्त ६०० घनफूट हवा हनीकोंब ताटीतून आत घेतली, तरी हॉलला लागणाऱ्यापेक्षा तासाला साधारण ६ लिटर पाणी जादा येतं. ती हवा २७ अंशांची, म्हणजे एसीवर भारही नाही. आणि क्षार ताटीत व टाकीत राहतात, हवेत उडत नाहीत.

२९ मे

कॉटन मार्केटजवळून छोटा कूलर, पत्र्याचं काम करणाऱ्याकडून डक्ट आणि धुळीची जाळी, वर एक ह्युमिडिस्टॅट, म्हणजे आर्द्रता पाहून आपोआप चालू-बंद करणारं बटण. सगळं मिळून ११,२००. ह्युमिडिस्टॅट पंख्याला जोडला नाही, पाण्याच्या मोटारीला जोडला. आर्द्रता ५२ झाली की मोटार बंद, ताजी हवा चालूच. आत हवेचा थोडा दाब राहतो म्हणून दाराच्या फटीतून धूळही येत नाही. डक्टचं तोंड छताकडे वळवलं, थप्पीवर वारा येऊ दिला नाही.

पहिला दिवस: बाहेर ४५, आत २६, आर्द्रता मीटरवर ५१. तरीही फीडर दोन वेळा अडला.

१ जून

शहरात सगळीकडे ५६ अंशांची चर्चा. ३० मे रोजी इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर तो आकडा दिसला होता आणि सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं हवामान विभागाने सांगितलं. ते वाचून माझ्या डोक्यात आलं, आपलं मीटर तरी बरोबर आहे का?

घरी करता येण्यासारखी तपासणी आहे. झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ, त्यात ते ओलं होईल इतकंच पाणी, बाजूला मीटर, डबा घट्ट बंद. सात-आठ तासांनी आत ७५ टक्के व्हायला हवेत. आमचं मीटर ८२ दाखवत होतं, म्हणजे ७ ने जास्त. वर ते डक्टच्या झोतात टांगलेलं. हॉलमध्ये खरी आर्द्रता ४३-४४ होती. मीटर मशीनच्या फीडरजवळ, माणसाच्या छातीच्या उंचीवर आणलं, सेटिंग ५९ केलं. दोन तासांत फीडर शांत. मे महिन्यातल्या माझ्या वरच्या आर्द्रतेच्या नोंदी त्या ७ ने कमी करून वाचा.

१४ जून

चार रंगी कॅलेंडरचे नमुने. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एकाच रजिस्टरवर, म्हणजे रंगावर रंग बसण्याची जुळणी तीच. काकांनी भिंगातून पाहिलं आणि ताव माझ्या हातात दिला. "बघा, हललं नाही." मी तो ताव घरी आणला.

११ जुलै

पावसाळा. कूलरची मोटार जूनच्या शेवटी बंद केली, ताजी हवा निम्म्यावर आणली. तरी आत २६ अंश आणि ६९ टक्के. बाहेर जेमतेम २९ अंश असल्यामुळे तिन्ही एसी मंद गतीने चालत होते. कॉइल पुरेशी थंड होत नव्हती, म्हणून पाणी निघत नव्हतं. मे महिन्यात जो गुण होता तोच आता अवगुण झाला.

दोन बंद केले, एकच चालवला, सेटिंग २४, पंखा हळू. तो जोरात चालला, कॉइल थंड झाली, ड्रेन वाहू लागला. संध्याकाळपर्यंत ५८. एकच १० टनाचं घेतलं असतं तर हे जमलं नसतं.

२२ जुलै

कागदाच्या खोलीला एसी नाही आणि तिथे ७५ च्या खाली येत नाही. दिवसाला ५० लिटर पाणी काढणारा डीह्युमिडिफायर भाड्याने लावून पाहिला. दोन दिवसांत ५७. पण तो खोली तीन अंशांनी गरम करतो, म्हणून रात्रीच चालवतो. शिवाय रीमचं वेष्टन छापायच्या वेळेपर्यंत उघडायचं नाही, आणि ताव एक दिवस आधी हॉलमध्ये आणून बंदच ठेवायचे, असा नियम केला. त्याला खर्च शून्य आणि फरक मोठा.

२ सप्टेंबर, पोळा

मशीन बंद, म्हणून हिशोब लिहायला बसले. टिकलेला खर्च: लेप २६,०००, एसी आणि जोडणी ३,५६,०००, कूलर-डक्ट-ह्युमिडिस्टॅट ११,२००. टाळता आला असता असा: हीटर २,६००, चुना ३,०००, कूलरचं भाडं ९,०००, युनिटं हलवणं १८,५००. ह्युमिडिफायर आणि आरओचे ६१,५०० कुठे धरावे ते हिवाळ्यात ठरेल, कारण जानेवारीत ताजी हवा कूलरमधून घेतली तर ती फार थंड येईल. तेव्हा गरम-थंड एसी सातला चालू करून सोबत तो ह्युमिडिफायर, आरओच्या पाण्यावर, असं करून पाहणार आहे.

काल कूलरची ताटी काढली. खालच्या कडेला क्षारांचा बोटभर थर. पुढच्या मोसमात टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी पूर्ण बदलायचं, असं कूलरवरच खडूने लिहून ठेवलं आहे.